शेततळ्याचे प्लॅस्टिक अस्तर : रेणुसाखळीची लांबी व बळकटी
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील भागात शेततळ्याचे पाणी मुरू नये म्हणून पॉलिएथिलिनची, बहुधा ५०० मायक्रॉन जाडीची, फिल्म अंथरतात. खरेदीत चर्चा मायक्रॉनचीच होते. ती अपुरी आहे, कारण टिकाऊपणा रेणुसाखळीच्या लांबीवरही ठरतो.

एथिलिनचे (रेणुभार २८) हजारो रेणू जोडून एक साखळी बनते. साखळ्या फार आखूड असतील तर पदार्थ मेणासारखा ठिसूळ राहतो. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. काही तर एका स्फटिकातून निघून शेजारच्या स्फटिकात शिरतात. ताण येताच तो त्या वाटून घेतात, त्यामुळे फिल्म एकदम न फाटता आधी ताणली जाते. विशिष्ट लांबीपुढे ताणबल फारसे वाढत नाही. वितळलेल्या पॉलिएथिलिनची श्यानता मात्र रेणुभाराच्या सुमारे ३.४ व्या घाताने वाढते. साखळी दुप्पट लांब, म्हणजेच रेणुभार दुप्पट झाला की श्यानता जवळपास दहापट होते आणि फिल्म काढणे अवघड जाते.

उन्हातील अतिनील किरण व ऑक्सिजन मिळून साखळ्या तोडतात. जाडी तेवढीच दिसते, पण पाण्याबाहेर उघडा पडलेला काठ आधी तडकतो. काळ्या फिल्ममध्ये सुमारे २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक घालतात, ते हे किरण शोषून घेते.