जॉन मॉर्टन (मिशनरी)

जॉन मॉर्टन (जन्म : १८३९, मृत्यू : ४ ऑगस्ट १९१२) हे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील प्रेस्बिटेरियन पाळक आणि पुढे वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर काम करणारे मिशनरी होते. ऊसमळ्यांवर गिरमिटिया मजूर म्हणून आणल्या गेलेल्या भारतीयांसाठी त्यांनी १८६८ मध्ये ‘कॅनेडियन मिशन’ सुरू केले. धर्मप्रसारासाठी त्यांनी शाळा हे मुख्य साधन निवडले. त्यामुळे बेटावरील भारतीय मुलांसाठी पद्धतशीर शिक्षणाची पहिली व्यवस्था या मिशनमधून उभी राहिली. त्रिनिदादच्या इतिहासात मॉर्टन यांचे स्थान धर्मांतरितांच्या संख्येपेक्षा या शाळांमुळे अधिक महत्त्वाचे मानले जाते. मात्र शिक्षण आणि धर्मांतर यांची त्यांनी घातलेली सांगड वादाचा विषयही ठरली आहे.

प्रारंभिक जीवन आणि पाळकपद

मॉर्टन यांचा जन्म नोव्हा स्कोशियातील अल्बियन माइन्स (आजचे स्टेलार्टन) या कोळसाखाणींच्या गावी, स्कॉटलंडहून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. या भागात स्कॉटिश वसाहतकऱ्यांची संख्या मोठी असल्याने प्रेस्बिटेरियन पंथाचा प्रभाव होता. या पंथात बिशपांची उतरंड नसते. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील मिळून पाहतात, तर अनेक मंडळ्यांचे प्रश्न प्रेस्बिटरी आणि सिनड या प्रतिनिधिसभांपुढे जातात. मिशनरी कार्यासाठी माणूस आणि पैसा देण्याचा निर्णयही अशा सभेनेच घ्यावयाचा असे. मॉर्टन यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारा निर्णय याच पद्धतीने झाला.

हॅलिफॅक्स येथे धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण केल्यावर १८६१ मध्ये त्यांना पाळकीय दीक्षा मिळाली आणि लाहेव्ह नदीकाठच्या ब्रिजवॉटर या गावातील मंडळीची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८६४ मध्ये त्यांचा विवाह सारा एटर सिल्व्हर यांच्याशी झाला. सारा मॉर्टन यांनी पुढे मिशनच्या कामात, विशेषतः मुलींच्या शिक्षणात, मोलाचा वाटा उचलला.

त्रिनिदादची पहिली भेट

प्रकृती खालावल्यामुळे उष्ण हवामानात काही काळ काढावा या हेतूने मॉर्टन १८६४ च्या सुमारास वेस्ट इंडीजच्या प्रवासाला निघाले. या प्रवासात ते त्रिनिदादला पोहोचले. तेथील ऊसमळ्यांवर त्यांना हजारो भारतीय मजूर दिसले. त्यांच्या मुलांसाठी शाळा नव्हत्या आणि त्यांच्यामध्ये त्यांच्याच भाषेत काम करणारी कोणतीही स्थायी ख्रिस्ती संस्था नव्हती.

ब्रिटिश साम्राज्यात १८३० च्या दशकात गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या अनेक मजुरांनी मळे सोडले. मळेमालकांना स्वस्त आणि बांधील मजूर हवे होते. त्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाच्या अपभ्रंशातून ‘गिरमिट’ आणि ‘गिरमिटिया’ हे शब्द आले. त्रिनिदादला भारतीय मजुरांचे पहिले जहाज ‘फतेल रझाक’ ३० मे १८४५ रोजी पोहोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय या बेटावर नेले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील भोजपुरी व अवधी भाषिक होते. काही मद्रासमार्गे आलेले दक्षिण भारतीय होते. करार पाच वर्षांचा असे. परवान्याशिवाय मळा सोडणे किंवा कामावर गैरहजर राहणे हा गुन्हा होता आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकत असे. १८७१ च्या जनगणनेनुसार बेटाच्या सुमारे १ लाख १० हजार लोकसंख्येत भारतीयांची संख्या सुमारे २७ हजार होती.

नोव्हा स्कोशियाला परतल्यावर मॉर्टन यांनी हा प्रश्न अमेरिका आणि स्कॉटलंडमधील युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्चपुढे मांडला. परंतु तेथून प्रतिसाद मिळाला नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्या सिनडकडे मागणी केली आणि स्वतः जाण्याची तयारी दाखवली. या छोट्या चर्चवर पॅसिफिक महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांवरील मिशनचा भार आधीच होता. तरीही १८६७ मध्ये सिनडने नव्या मिशनला मान्यता दिली. मॉर्टन यांनी ब्रिजवॉटरचे पाळकपद सोडले आणि पत्नी व लहान मुलीसह जानेवारी १८६८ मध्ये ते त्रिनिदादला उतरले.

आयरी व्हिलेज येथील प्रारंभ

मॉर्टन यांनी बेटाच्या दक्षिण भागातील आयरी व्हिलेज येथे मुक्काम केला. तेथे प्रेस्बिटेरियन मिशनच्या पूर्वीच्या एका प्रयत्नातून उरलेले चर्च आणि घर त्यांना वापरावयास मिळाले. आसपासच्या मळ्यांवर फिरून मजुरांशी बोलणे हा त्यांच्या कामाचा पहिला भाग होता. त्यासाठी त्यांनी हिंदी शिकण्यास प्रारंभ केला. त्रिनिदादमध्ये उत्तर भारतातील विविध बोली बोलणाऱ्यांच्या संपर्कातून भोजपुरीप्रधान अशी समान बोली तयार झाली होती. मजुरांशी संवाद साधण्यासाठी ही बोली आणि धर्मग्रंथांच्या वाचनासाठी नागरी लिपीतील हिंदी, अशा दोन्हींची त्यांना गरज होती.

मार्च १८६८ मध्ये त्यांच्या घराच्या पायऱ्यांवर जमलेल्या तीन भारतीय मुलांना शिकवण्यापासून शाळेची सुरुवात झाली, असे मिशनच्या इतिहासात नोंदवले जाते. बेटावर सरकारी ‘वॉर्ड’ शाळा होत्या. परंतु भारतीय पालक आपली मुले तेथे क्वचितच पाठवीत. भाषा परकी होती, इतर समाजातील मुलांबरोबर बसवण्यास पालकांचा संकोच होता आणि मळ्यावर मुलांच्या मजुरीचाही कुटुंबाला आधार असे. भारतीय मुलांसाठी स्वतंत्र शाळा, त्यांच्या वस्तीजवळ आणि शक्यतो भारतीय शिक्षकांच्या हाती असाव्यात, असा मॉर्टन यांचा आग्रह होता. या शाळांमध्ये इंग्रजीबरोबर हिंदीही शिकवली जाई आणि ख्रिस्ती धर्माचे पाठही दिले जात.

मिशनचा विस्तार

१८७० मध्ये केनेथ जेम्स ग्रँट हे नोव्हा स्कोशियातील दुसरे पाळक त्रिनिदादला आले आणि सॅन फर्नांडो हे मिशनचे प्रमुख केंद्र बनले. तेथे १८७२ मध्ये उघडलेल्या चर्चला ‘सुसमाचार’ हे नाव देण्यात आले. मराठी ख्रिस्ती परंपरेत ज्याला ‘शुभवर्तमान’ म्हणतात, त्याच अर्थाचा हा हिंदी शब्द आहे. चर्चला इंग्रजी नाव न देता हिंदी नाव देणे हे मिशनच्या भाषाविषयक धोरणाला धरून होते. उपासनेत हिंदी भजनांचाही वापर होत असे. १८७४ मध्ये टॉमस क्रिस्टी यांनी कूव्हा येथे काम सुरू केले.

मॉर्टन स्वतः एका ठिकाणी स्थिरावले नाहीत. सॅन फर्नांडोनंतर त्यांनी आज प्रिन्सेस टाउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिशन व्हिलेज येथे काम केले. १८८१ मध्ये ते उत्तरेकडील टुनापुना येथे गेले. उभ्या राहिलेल्या केंद्राची जबाबदारी सहकाऱ्यांकडे सोपवून नव्या भागात जाण्याची त्यांची पद्धत होती. टुनापुना येथील चर्च ‘आरामालय’ या नावाने ओळखले जाते. १८८० च्या दशकात ग्रेनाडा, सेंट लुशिया आणि ब्रिटिश गयाना येथील भारतीय मजुरांपर्यंतही या मिशनचे कार्य पोहोचले.

१८७५ मध्ये कॅनडातील विविध प्रेस्बिटेरियन चर्च एकत्र येऊन ‘प्रेस्बिटेरियन चर्च इन कॅनडा’ स्थापन झाले आणि त्रिनिदादचे मिशन त्याच्या अखत्यारीत आले.

भारतीय शिक्षक आणि पाळक

मोजक्या कॅनेडियन कुटुंबांच्या बळावर संपूर्ण बेटावर काम करणे शक्य नव्हते. म्हणून धर्मांतरित भारतीयांना शिक्षक व धर्मप्रचारक म्हणून तयार करण्यावर मिशनने भर दिला. चार्ल्स क्लॅरेन्स सुदीन हे प्रारंभीच्या शिक्षकांपैकी एक होते. ग्रँट यांचे सहकारी लाल बिहारी यांना १८८२ मध्ये पाळकीय दीक्षा देण्यात आली. ते या मिशनचे पहिले भारतीय पाळक होत.

१८९२ मध्ये सॅन फर्नांडो येथे धर्मशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. १८९४ मध्ये ग्रँट यांच्या पुढाकाराने मुलांसाठी नापारिमा कॉलेज आणि शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय सुरू झाले. सारा मॉर्टन यांनी टुनापुना येथे मुलींसाठी निवासी प्रशिक्षणगृह चालवले. तेथे वाचन-लेखनाबरोबर शिवण आणि गृहव्यवस्था शिकवली जाई. मुलींना धर्मप्रचारकांच्या व शिक्षकांच्या सुविद्य पत्नी बनवणे हा त्यामागील एक हेतू होता. त्यामुळे हे शिक्षण त्या काळच्या मर्यादांतच राहिले. तथापि लहान वयात विवाह होणाऱ्या मुलींना काही वर्षे शाळेत ठेवण्याचा हा बेटावरील प्रारंभीचा प्रयत्न होता. मॉर्टन यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९१२ मध्ये, नापारिमा गर्ल्स हायस्कूलची स्थापना झाली.

मळेमालक, सरकार आणि गिरमिट पद्धती

शाळांचा खर्च कॅनडातील देणग्यांतून पूर्णपणे भागत नसे. अनेक मळेमालकांनी आपल्या मळ्यांवरील शाळांसाठी पैसा दिला आणि पुढे वसाहत सरकारचे अनुदानही मिळाले. १८७० च्या शिक्षण कायद्याने धर्मसंस्थांच्या शाळांना सरकारी साहाय्याचा मार्ग मोकळा केला होता.

या आधारामुळे शाळा वेगाने वाढल्या. पण मिशन मळेमालकांवर आणि सरकारवर अवलंबून राहिले. मिशनरी आजारी मजुरांना मदत करीत आणि त्यांच्या तक्रारी ऐकत. मात्र ज्या करारपद्धतीमुळे मजुरांची ही अवस्था होती, तिच्याविरुद्ध मिशनने संघटित लढा दिला नाही, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे. त्या काळच्या मिशन-साहित्यात भारतीयांसाठी ‘कूली’ हा हीनतादर्शक शब्द सर्रास आढळतो आणि हिंदू व मुस्लिम आचारांचे वर्णन अनेकदा अनुदारपणे केलेले दिसते.

गिरमिट पद्धतीविरुद्धची निर्णायक चळवळ भारतात उभी राहिली. मार्च १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत संपूर्णपणे बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतामुळे तो फेटाळला गेला, तरी जनमत तीव्र होत गेले आणि १९१७ मध्ये गिरमिटिया मजुरांची निर्यात थांबली.

शिक्षण आणि धर्मांतराचा प्रश्न

मॉर्टन यांच्या दृष्टीने शाळा आणि सुवार्ता ही एकाच कार्याची दोन अंगे होती. पालकांनी मात्र या दोहोंकडे वेगळ्या नजरेने पाहिले. बहुसंख्य हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांनी मुलांना शाळेत पाठवले, पण स्वतःचा धर्म सोडला नाही. घरी पूजा किंवा नमाज आणि शाळेत बायबलचा पाठ ही तडजोड अनेक पिढ्यांनी स्वीकारली.

नोकरीच्या टप्प्यावर ही तडजोड कठीण होत असे. मिशनच्या शाळांत शिक्षकाची जागा सामान्यतः ख्रिस्ती व्यक्तीला मिळे. मळ्याबाहेर प्रतिष्ठेच्या नोकऱ्या फारच थोड्या असल्याने काहींनी श्रद्धेपेक्षा उपजीविकेसाठी धर्मांतर केले, असे अभ्यासक नमूद करतात. हिंदू आणि मुस्लिम संस्थांच्या सरकारमान्य शाळा १९४० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५० च्या दशकात सुरू झाल्या. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे भारतीय वस्त्यांतील शिक्षणात कॅनेडियन मिशनचे वर्चस्व राहिले. या शाळांनी भारतीय समाजात शिक्षक, वकील, डॉक्टर आणि राजकीय नेते यांचा मध्यमवर्ग घडवला, तसेच तो इंग्रजी भाषेकडे आणि पाश्चात्त्य जीवनपद्धतीकडे वळवला, अशी दोन्ही निरीक्षणे मांडली जातात.

अखेरचा काळ आणि वारसा

मॉर्टन यांनी चार दशकांहून अधिक काळ त्रिनिदादमध्ये काम केले. ४ ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. सारा मॉर्टन यांनी त्यांच्या दैनंदिन्या, पत्रे आणि आठवणींच्या आधारे संपादित केलेला ‘जॉन मॉर्टन ऑफ त्रिनिदाद’ हा ग्रंथ १९१६ मध्ये प्रकाशित झाला. धर्मप्रचाराच्या दृष्टिकोनातून लिहिलेला असला, तरी एकोणिसाव्या शतकातील त्रिनिदादमधील भारतीयांच्या जीवनाचे तपशील त्यात असल्याने इतिहासकार त्याचा उपयोग करतात. आयरी व्हिलेज येथे जन्मलेले त्यांचे पुत्र आर्थर सिल्व्हर मॉर्टन हे पुढे पश्चिम कॅनडाचे इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाले.

मिशनमधून विकसित झालेले प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ त्रिनिदाद अँड टोबॅगो आज स्वायत्त आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत प्रेस्बिटेरियनांचे प्रमाण सुमारे २.५ टक्के होते. हिंदूंचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते. मात्र हे छोटे चर्च ७२ प्राथमिक आणि ५ माध्यमिक शाळा चालवते आणि त्यांत सर्व धर्मांची मुले शिकतात. देशाचे भारतीय वंशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष नूर हसनअली हे मुस्लिम होते. त्यांचे शिक्षण नापारिमा कॉलेजमध्ये झाले होते. ऊसमळ्यांवरील समाजाला ख्रिस्ती करण्याचे मॉर्टन यांचे उद्दिष्ट अंशतःच साध्य झाले. त्यासाठी साधन म्हणून सुरू केलेल्या शाळा मात्र टिकल्या आणि त्या समाजाने त्या आपल्याशा केल्या.