वटवट्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास : एक दृष्टिक्षेप

पोलादपूर तालुक्यातील कापडे परिसरात, शेताच्या बांधावर दिसणाऱ्या राखी वटवट्यास ‘प्रिनिया सोशॅलिस’ हे नाव कर्नल साईक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत दिले. त्याच यादीतील ‘सिल्व्हिया रामा’ हा मात्र हिवाळी पाहुणा. पुढे त्यास दीर्घकाळ दुसऱ्या जातीची उपजात मानले गेले. आज तो ‘इडुना रामा’ ही स्वतंत्र जात आहे. चोच व पिसारा यांवरून एकाच ‘सिल्व्हिइडी’ कुलात कोंबलेले हे कीटकभक्षी पक्षी डीएनए-अभ्यासाने, विशेषतः अल्स्ट्रॉम व सहकाऱ्यांच्या २००६ मधील संशोधनाने, वेगळे झाले. प्रिनिया ‘सिस्टिकोलिडी’त, इडुना ‘ॲक्रोसेफॅलिडी’त गेला. म्हणून जुन्या स्थानिक नोंदी नव्या याद्यांशी ताडताना कुलाच्या नावावर विसंबणे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते; जातीचे नाव, तेही कर्त्यासह, पाहिले पाहिजे.