दवाखान्याची वाट

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी खानदेशातील आरोग्यसेवेचा इतिहास थोडक्यात लिहून द्यावा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मला प्रथम माझ्या आजीची आठवण झाली. आजी चोपडे तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिची थोरली जाऊ बाळंतपणात गेली. आषाढाचे दिवस, नाल्याला पूर आलेला. सुईणीने हात टेकले तेव्हा गाडी जुंपली खरी, पण ती अलीकडच्या काठावरच उभी राहिली. पाणी उतरेपर्यंत सारे संपले होते. आजी सांगे, “दवाखाना होता गं माय, पण वाट नव्हती.”

खानदेशच्या आरोग्याचा सारा इतिहास मला या एका वाक्यात दिसतो.

1906 साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिम खानदेशाचे धुळे. पुढे 1998 साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. इंग्रजी अमलात सरकारी दवाखाने असत ते मुख्यतः जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी. 1899-1900 चा दुष्काळ, त्या सुमाराची प्लेगची साथ, 1918 चा इन्फ्ल्युएन्झा, या साऱ्या आपत्तींत खेड्यातल्या माणसाला आधार होता तो घरच्या काढ्याचा, वैदूचा आणि सुईणीचा.

1943 साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व तिने 1946 च्या अहवालात मांडले. त्या विचारातून स्वातंत्र्यानंतर, 1952 पासून, देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील ही केंद्रे त्यांच्याकडे आली. आज सपाटीवर तीस हजार लोकवस्तीमागे एक आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांमागे एक केंद्र, असा नियम आहे.

इमारत उभी राहिली म्हणजे रोगी आपोआप तिच्यात येतो, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे, हे तेव्हाच्या नगर जिल्ह्यात दिसून आले. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड या दुष्काळी गावी काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या, पण गावकऱ्यांचे त्यांच्याशी जमेना. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांत बऱ्याचशा गरीब आणि दलित घरांतल्या होत्या, कितीतरी निरक्षर होत्या. स्वच्छ बाळंतपण कसे करावे, मुलाचे वजन कसे पाहावे, हगवण लागली तर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. जिच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिला मध्यरात्री बोलावणे येऊ लागले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी याच मार्गाने एकोणचाळीस गावांत काम केले. गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवल्यावर तेथील नवजातांचे मृत्यू दर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आले. त्याचा वृत्तांत 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढे 2005 साली देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्याची योजना निघाली. यावल-रावेरच्या पायथ्याच्या पाड्यांवर, शिरपूर-साक्रीच्या वस्त्यांवर, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात बाळंतिणीच्या दारी जाते ती हीच बाई. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी पुढच्या बेचाळीस दिवसांत तिने घरी सहा फेऱ्या घालायच्या असतात. तिला कायम नोकरी नाही. थोडे मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला, एवढेच. महाराष्ट्रात एक लाख बाळंतपणांमागे 2001-03 च्या सुमारास 149 माता दगावत. 2018-20 मध्ये हा आकडा 33 झाला. यात रस्ते, रुग्णवाहिका, डॉक्टर या सर्वांचा वाटा आहे. पण दारापर्यंत जाणाऱ्या बाईचा वाटा विसरून चालणार नाही.

धुळ्यास 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि जळगावास 2018 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मग आता शहरात तरी वाट मोकळी झाली ना? मलाही तसेच वाटत होते. आमच्याकडे भांड्यांना येणारी बाई सातव्या महिन्यात होती आणि तिला चालताना धाप लागे. “दवाखान्यात जाऊन ये,” असे सांगून मी माझे कर्तव्य संपले असे समजले. ती एका मोठ्या रुग्णालयात दोनदा गेली आणि दोनदा तशीच परत आली. केसपेपर कोणत्या खिडकीवर मिळतो हे तिला कळले नाही आणि विचारायची भीती वाटली. एका दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. तिसऱ्या खेपेस मी बरोबर गेले. रक्त फारच कमी निघाले, वेळेवर उपचार झाले. आज तिची मुलगी बालवाडीत जाते. पण त्या दोन फेऱ्यांची मला अजून लाज वाटते. आजीच्या जावेला नाला आडवा आला होता. हिच्या वाटेत तर फक्त एक खिडकी होती, आणि मी घरी बसले होते.

भगिनींनो, दवाखाने बांधणे आपल्या मंडळाच्या आवाक्यातले नाही. परंतु आठवड्यातून एक सकाळ, आपल्यापैकी दोघींनी वस्तीतल्या गरजू बाईबरोबर दवाखान्यात जावे आणि तिचा केसपेपर निघेपर्यंत तिच्याजवळ उभे राहावे, एवढे तर आपल्याला नक्की जमेल. येत्या वर्षाच्या कार्यक्रमात याची नोंद व्हावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिल्या सकाळसाठी माझे नाव घालावे.