पिंपातल्या नाण्यांवर तगलेला संघ : हिरोशिमा कार्प

१/ जपानमधील व्यावसायिक बेसबॉल संघांमागे बहुधा एखादी बलाढ्य कंपनी उभी असते. कुणाच्या पाठीशी वृत्तपत्र, कुणाच्या पाठीशी रेल्वे कंपनी. हिरोशिमा कार्प हा संघ मात्र अशा धनवान मालकावाचून जन्माला आला. तो तगला कसा, हे सांगणारे काही प्रसंग या धाग्यात पाहू.

२/ ६ ऑगस्ट १९४५. अणुबॉम्बने हिरोशिमा बेचिराख झाले. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९४९ च्या अखेरीस, याच शहराने स्वतःचा बेसबॉल संघ काढण्याचे ठरवले.

३/ नाव ठेवले ‘कार्प’. हा आपल्याकडील रोहूच्या कुळातला मासा. हिरोशिमाचा किल्ला पूर्वीपासून ‘कार्पचा किल्ला’ म्हणून ओळखला जाई. प्रवाहाविरुद्ध पोहत जाणारा हा मासा जपानी परंपरेत चिकाटीचे प्रतीक मानला जातो.

४/ चिकाटीची परीक्षा लगेचच सुरू झाली. १९५० च्या पहिल्या हंगामात ४१ विजय, ९६ पराभव आणि शेवटचे स्थान. तिजोरीत खडखडाट, खेळाडूंचे पगार थकलेले. १९५१ मध्ये संघ दुसऱ्या संघात विलीन करण्याची भाषा सुरू झाली.

५/ प्रशिक्षक इशिमोतो शुइची यांनी विलीनीकरणास विरोध केला आणि थेट नागरिकांपुढे हात पसरले. मैदानाच्या प्रवेशद्वाराशी साके मद्याचे लाकडी पिंप ठेवण्यात आले. ज्यांची स्वतःची घरे अजून धड उभी राहिली नव्हती, ती माणसे त्यात नाणी टाकू लागली. संघ वाचला.

६/ जुलै १९५७ मध्ये नगरपालिकेचे नवे मैदान खुले झाले. बॉम्बस्फोटातून उरलेली घुमटाची इमारत तेथून हाकेच्या अंतरावर होती. रस्त्याच्या एका बाजूला स्मृती, दुसऱ्या बाजूला सामन्याचा कोलाहल. विजय मात्र दूरच राहिला. १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे संघ तळाशी होता.

७/ १९७५ मध्ये अमेरिकी प्रशिक्षक जो लुट्झ यांनी टोप्यांचा रंग लाल केला. हंगामाच्या आरंभीच पंचांशी झालेल्या वादानंतर ते पद सोडून गेले. लाल रंग मागे राहिला. पुढे कोबा ताकेशी यांनी धुरा घेतली. फलंदाजीची मदार यामामोतो कोजी आणि किनुगासा साचिओ यांच्यावर होती. यामामोतो तर हिरोशिमाचेच सुपुत्र.

८/ १५ ऑक्टोबर १९७५. टोकियोच्या कोराकुएन मैदानावर, बलाढ्य योमिउरी जायंट्सला त्यांच्याच घरी नमवून कार्पने सेंट्रल लीगचे पहिले विजेतेपद पटकावले. स्थापनेला पाव शतक उलटले होते. बॉम्बला तीस वर्षे. ज्यांनी पिंपात नाणी टाकली होती, त्यांतील अनेकांनी हा दिवस पाहिला. अनेकांच्या नशिबी तो नव्हता.

९/ राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी आणखी चार वर्षे थांबावे लागले. ४ नोव्हेंबर १९७९, किन्तेत्सुविरुद्ध सातवा आणि निर्णायक सामना, शेवटची पाळी. कार्पकडे ४-३ अशी एकाच धावेची आघाडी. तिन्ही तळांवर प्रतिस्पर्धी धावक आणि एकही गडी बाद नाही. चेंडू एनात्सु युताकाच्या हाती.

१०/ पहिला गडी त्याने चकवून बाद केला. मग किन्तेत्सुने डाव टाकला : फलंदाजाने चेंडूला बॅटचा नुसता स्पर्श करायचा आणि तिसऱ्या तळावरच्या धावकाने धाव पुरी करायची. धावक निघालेला पाहून एनात्सुने चेंडू बॅटच्या आवाक्याबाहेर टाकला. धावक मध्येच अडकून बाद झाला. पाठोपाठ फलंदाजही बाद. त्या पाळीतले ‘एनात्सुचे २१ चेंडू’ जपानमध्ये आजही आठवले जातात.

११/ पुढे १९८० आणि १९८४ मध्येही कार्प अजिंक्य ठरला. १९९१ नंतर पुन्हा दुष्काळ पडला. लीगच्या पुढच्या विजेतेपदासाठी २०१६ उजाडावे लागले. कारखानदारीतून मोटारनिर्मितीत नावारूपाला आलेल्या माझदा कंपनीचे नाव संघाशी जोडले गेले होते. तरीही २००९ मध्ये खुल्या झालेल्या नव्या मैदानासाठी शहरात पुन्हा पिंपे ठेवली गेली आणि लोकांनी पुन्हा पैसे टाकले.

१२/ करंडकांच्या संख्येत कार्पहून श्रीमंत संघ जपानात आहेत. पण हिरोशिमात ‘आमचा संघ’ हे शब्द नुसते प्रेमापोटी उच्चारले जात नाहीत. एके काळी त्या संघाची किंमत लोकांनी खरोखरच, नाण्यानाण्याने, चुकती केली होती.