'पिलार' : एका नांवाचा इतिहास

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं ज्या जुन्या वह्या उघडल्या जातात, त्यांत स्नानसंस्काराच्या नोंदवहीचा मान पहिला. इमारतीचा इतिहास दगडविटांचा असतो, नोंदवहीचा इतिहास माणसांच्या नांवांचा. मरिया, अन्ना, तेरेजा आणि त्यांच्या शेजारीं शांता, सुमन, मंगल अशीं नांवें आमच्या मराठवाड्यांतील वह्यांतून एका पानावर नांदतात. परंतु एक नांव असें आहे कीं, तें आपल्या देशांत टेकडीस मिळालें, धर्मगुरूंच्या संस्थेस मिळालें, पण मुलीच्या वांट्यास क्वचितच आलें. तें नांव म्हणजे 'पिलार'. त्याची थोडी हकीकत वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पॅनिश भाषेंत 'पिलार' म्हणजे खांब अथवा स्तंभ. व्याकरणाच्या दृष्टीनें शब्द पुल्लिंगी. तरीहि शतकानुशतकें तें मुलींचें नांव आहे. याचें कारण स्पेनच्या नामकरणाच्या रीतींत सांपडतें. त्या देशांत मरियेचें नांव घरोघर ठेवीत. मग एक मरिया दुसरीपासून ओळखावी कशी? म्हणून पवित्र मातेची एकेक उपाधि त्यास जोडीत. दोलोरेस म्हणजे दुःखें, मेर्सेदेस म्हणजे कृपा, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, सोलेदाद म्हणजे एकांत. 'मरिया देल पिलार' म्हणजे स्तंभाची मरिया. हांक मारतांना 'मरिया' गळून पडते व उपाधि तेवढी उरते. घरांतील लाडकें रूप 'पिली'. आपल्या 'पिलू'शीं त्याचें कांहीं नातें नसलें, तरी मराठी कानास तें परकें वाटत नाहीं.

या उपाधीचें मूळस्थान म्हणजे एब्रो नदीच्या तीरावरील सारागोसा हें नगर. परंपरा अशी कीं, सन ४० मध्यें प्रेषित याकोब तेथें सुवार्ता सांगत असतां त्यास यश येईना व तो खचून गेला. त्या वेळीं पवित्र मरिया यरुशलेमेंत हयात होती. ती स्तंभावर उभी अशी त्यास दिसली, तिनें त्यास धीर दिला, आणि तो स्तंभ तेथेंच राहिला. या कथेचे लेखी दाखले तेराव्या शतकाच्या सुमाराचे असल्यामुळें इतिहासकार तिला परंपरा म्हणतात, आणि आम्हीहि तसेंच म्हणतों. सध्यांच्या भव्य मंदिराचें बांधकाम १६८१ सालीं सुरू झालें. स्तंभावरील मूर्ति लांकडी असून हातभरहि उंच नाहीं. मंदिराच्या मागील बाजूस एका लहान झरोक्यांतून स्तंभाचा थोडासा भाग उघडा ठेविला आहे. त्याचें चुंबन घेण्यास यात्रेकरूंची रीघ लागते. सण १२ ऑक्टोबर रोजीं असतो. कोलंबसाचीं जहाजें १४९२ सालीं त्याच तारखेस नव्या भूमीस लागलीं, हा योगायोग स्पॅनिश लोक अभिमानानें सांगतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पेनमध्यें, विशेषतः आरागोन प्रांतांत, हें नांव अत्यंत लोकप्रिय होतें. सारागोसा येथें १९२८ सालीं जन्मलेली गायिका पिलार लोरेंगार आणि चित्रपट-दिग्दर्शिका पिलार मिरो यांनीं तें जगास ऐकविलें. हेमिंग्वेनें आपल्या १९४० च्या कादंबरींत डोंगरांतील टोळीचा धीर टिकविणाऱ्या स्त्रीस हेंच नांव दिलें. आज मात्र तेथें आज्यांचीं नांवें पिलार असतात, नातींचीं क्वचित्.

आपल्याकडे हें नांव गोव्याच्या वाटेनें आलें. कदंब राजांच्या गोपकपट्टणाच्या परिसरांतील टेकडीवर फ्रान्सिस्कन संन्याशांनीं १६१३ सालीं मठ उभारला व तो स्तंभमातेस वाहिला. पुढें टेकडीचेंच नांव पिलार पडलें. पोर्तुगीज सरकारनें संन्यासी संघ बंद केल्यावर मठ ओस पडला. १८८७ सालीं आगोंद येथें फादर बेंतो मार्तिन्स यांनीं स्थापिलेली मिशनरी संस्था पुढें या मठांत आली, आणि तिचे सभासद 'पिलार फादर' या नांवानें ओळखले जाऊं लागले. पूज्य आग्नेल डिसोझा यांची समाधि तेथेंच आहे. अशा रीतीनें स्त्रीचें नांव आपल्याकडे स्थळाचें झालें.

आतां आमच्या मुलखाकडे पाहूं. मराठवाड्याचें जुनें माळवदाचें घर खांबांवर उभें असे. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, आणि दोन खांबांमधील जागा तो खण. घराची ऐपत खणांवरून मोजीत. लग्नमंडपाचा पहिला खांब ती मुहूर्तमेढ. वेरूळच्या कैलासाच्या अंगणांत दोन प्रचंड स्तंभ आजहि उभे आहेत. खांबाचें मोल आम्हांस कोणीं शिकवावें असें नाहीं. परंतु 'घराचा आधारस्तंभ' हे शब्द आम्हीं मुलासाठीं राखून ठेविले. मुलीस काय दिलें? सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं २८५ मुलींचीं 'नकुशी' हीं नांवें समारंभपूर्वक बदलावीं लागलीं. त्याच वर्षींच्या जनगणनेंत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागें मुली अवघ्या ८०७ भरल्या. ज्या घरांत मुलगी नकोशी, त्या घरानें आपलाच एक खांब काढून टाकिला, हें त्यास छत वांकल्यावर कळतें.

मुलींस स्पॅनिश नांवें ठेवा, असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. १९१७ च्या धर्मविधानांत संताच्या नांवाविषयीं धर्मगुरूस ताकीद होती. १९८३ च्या विधानानें नांव ख्रिस्ती भावनेस परकें नसावें, एवढेंच सांगितलें. शांता हें नांव त्या कसोटीस पुरेपूर उतरतें. 'नकुशी' उतरत नाहीं. मग नांव कोणत्याहि भाषेंतील असो, नोंदवहींत तें लिहितांना आईबापांच्या मनांत अर्थ मात्र पिलारचा असावा: ही आमच्या घराचा खांब आहे. ज्या मंदिराचा उत्सव आपण आज करीत आहों, त्याची झाडलोट, गायन, धर्मशिक्षण आणि आजाऱ्यांची विचारपूस इतकीं वर्षें कोणाच्या खांद्यांवर चाललीं, याचा विचार केल्यास आम्हीं नवें कांहींच सांगितलें नाहीं, असें वाचकांच्या ध्यानीं येईल.