कराची ते मुंबई : अंतर आणि अवधी

कराची आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे नऊशे किलोमीटर आहे. आजच्या जेट विमानाला ते कापण्यास दीड तासाच्या आसपास वेळ पुरावा. परंतु एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यास प्रत्यक्षात किती अवधी लागतो, या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या वेगावरून देता येत नाही. त्यासाठी आधी साल कोणते, हे विचारावे लागते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले. विमान होते एका इंजिनाचे ‘पुस मॉथ’. वाटेत अहमदाबादला इंधन भरून दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. लंडनची विमानटपाल 1929 पासून कराचीपर्यंत येत होती. ती दक्षिणेकडे लवकर पोहोचावी, हा या सेवेचा हेतू. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून हे उड्डाण सर्वांस ठाऊक आहे.

या कथेतील एक साधी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही ठिकाणे त्या दिवशी एकाच प्रांतात होती. 1847 पासून 1936 पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतील ज्या सरकारी शाळेचा आरंभ 1855 सालचा, ती आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याचे नाव वागवते. अर्थात हे ऐक्य राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. दूरच्या मुंबईहून चालणाऱ्या कारभाराला सिंधी लोकांचा विरोध होता, हेही विसरता येत नाही.

फाळणीनंतर अवधीचे गणित बदलले. 1965 च्या युद्धात मुनाबाव-खोखरापार हा रेल्वेमार्ग बंद पडला, तो 2006 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि 2019 मध्ये गाडी परत थांबली. 1971 च्या युद्धाने तुटलेली विमानसेवा 1976 मध्ये जोडली गेली. संसदेवरील हल्ल्यानंतर 2002 च्या आरंभी ती पुन्हा थांबली आणि 2004 मध्ये सुरू झाली. एप्रिल 2025 मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. थेट सेवा नसताना प्रवाशाला दुबईचा वळसा घ्यावा लागतो : नऊशेऐवजी तीन हजारांहून अधिक किलोमीटर. पुस मॉथच्या सात तासांत तो पुरा होईल याची खात्री देता येत नाही, आणि व्हिसाची प्रतीक्षा तर यात धरलेलीच नाही.

1982 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी त्याच मार्गाने पुन्हा उड्डाण केले. मार्ग तोच होता, पण या खेपेस त्यांना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागली.

आपल्याकडे विमानविद्येचा इतिहास साहसाची आणि उद्योगाची यशोगाथा म्हणून लिहिला जातो. तो तसा आहेच. पण प्रवासाचा अवधी सतत घटतच आला, असे त्यातून सूचित होते. कराची-मुंबईच्या बाबतीत तो घटला, वाढला आणि काही वर्षे मोजताच येईनासा झाला, असे आम्हांस दिसते. मुंबई इलाख्याचा इतिहास लिहिताना कराची नकाशातून गाळण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचा विचार येथूनच सुरू व्हावा.