चोबदार आणि चोपचिनी

भालदार-चोबदार आपल्याला बखरींतून आणि संगीत नाटकांतून ठाऊक आहेत. फारसीत चोब म्हणजे लाकूड, काठी. ती हाती धरणारा तो चोबदार. तोच चोब चोपचिनीतही आहे: चोब-ए-चिनी, म्हणजे चीनचे लाकूड. मी कलाशाखेचा पदवीधर, शब्दांची हौस असलेला, पण ही व्युत्पत्ती कळायला मला चव्वेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले. तेही एका रुग्णालयाच्या बाकावर बसलो असताना.

झाले असे की बाबांचे गुडघे दुखायचे. कुणीतरी सांगितले म्हणून ते वर्षभर चोपचिनीचे चूर्ण घेत होते. मग पाय सुजले, रक्त तपासले, मूत्रपिंडे थकलेली निघाली. डॉक्टरांनी विचारले, चूर्णात नेमके काय होते? मी पुडी नेऊन दाखवली. तिच्यावर एकच शब्द होता, चोपचिनी. "हे नाव झाले, वस्तू कोणती ते सांगा," डॉक्टर म्हणाले. मला सांगता येईना. चूर्णानेच घात केला असे कुणी सिद्ध केलेले नाही, बाबांना रक्तदाबही जुनाच आहे. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना आणि मी वाचू लागलो.

वाचता वाचता पोचलो ते थेट जुन्या गोव्यात. पणजीच्या चर्चसमोरची बाग ज्याच्या नावाने आहे तो गार्सिया द ओर्ता १५३४ साली इथे आला. त्याचे भारतीय वनौषधींवरचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्यात एक अख्खा संवाद 'चीनच्या मुळा'वर आहे. हे मूळ १५३५ च्या सुमारास इकडे आले आणि फिरंग रोगावर, म्हणजे उपदंशावर, रामबाण म्हणून गाजले. युरोपात सम्राट पाचव्या कार्लोसने ते संधिवातावर घेतले. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसालियसने १५४६ साली त्यावर पत्ररूप पुस्तकच प्रसिद्ध केले. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला, पुढच्याच वर्षी इंक्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून तीही जाळली. पुस्तक मात्र राहिले.

ओर्ता इथे लिहीत होता तेव्हा तिकडे चीनच्या हुबेई प्रांतात ली शीझेन नावाचा वैद्य त्याच मुळाविषयी लिहीत होता. हा प्रांतिक परीक्षेत तीनदा नापास झालेला माणूस. (बढतीच्या खात्याअंतर्गत परीक्षा दिलेल्यांना त्याच्याविषयी आपुलकी वाटेल.) १५५२ ते १५७८ अशी सत्तावीस वर्षे खपून त्याने 'बेन्साओ गांगमू' हा ग्रंथ पुरा केला: ५२ खंड, १८९२ द्रव्ये, अकरा हजारांवर योग. १५९३ साली तो वारला आणि १५९६ साली नानजिंगला ग्रंथ निघाला. छापील प्रत काही त्याने पाहिली नाही. ओर्ताला ली ठाऊक नव्हता, लीला ओर्ता.

आपण ज्याला चीनचे म्हणतो त्या मुळाला चिनी लोक म्हणतात तू-फूलिंग. फूलिंग ही पाइनच्या मुळांवर वाढणारी बुरशी, फार जुने औषध. 'तू' म्हणजे माती. आपल्या भाषेत सांगायचे तर गावठी फूलिंग! रोगाच्या नावाचीही तीच गंमत. आपण त्याला फिरंग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा म्हटले आणि यांगत्सेकाठच्या चिन्यांनी 'कँटनचे फोड'. होंगझी सम्राटाची कारकीर्द १५०५ साली संपली, तिच्या अखेरीस तो कँटनकडे दिसू लागला होता. पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्याला लागले १५१३ साली. म्हणजे रोग फिरंग्यांच्याही आधी पोचला.

ली शीझेन लिहितो की वैद्य आधी पाऱ्याचे क्षार देत. फोड झटकन जात, पण विष हाडांत मुरे. म्हणून तू-फूलिंग. आपल्याकडे 'भावप्रकाशा'त फिरंगावर हीच जोडी आहे: एकीकडे रसकर्पूर, दुसरीकडे चोपचिनी. हा ग्रंथही सोळाव्या शतकातलाच मानतात. एवढ्या लांबवर तेच दोन उपाय कसे पोचले? जहाजांतून, मलाक्कामार्गे, आणखी कसे! आमच्या कार्यालयात एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मते चीनचे सगळे वैद्यक आपल्याकडूनच गेले. चोपचिनी उलट दिशेने आली हे मी त्यांना सांगितले. ते चार दिवस बोलले नाहीत.

खरे म्हणजे चोपचिनीने उपदंश बरा होत नाही. पहिल्या दोन अवस्था उलटल्या की तो आपोआप दडी मारतो, वर्षानुवर्षे गप्प राहतो, आणि श्रेय त्या वेळी पोटात असलेल्या औषधाला जाते. खरा उपाय पेनिसिलिनचा, तो १९४३ साली हाती आला. पण लीला पाऱ्याचे विष ओळखता आले हे काही थोडे नाही.

मग चिनी शास्त्र औषध निवडते कसे? प्रत्येक द्रव्याला शीत, उष्ण, कोमट, थंड यांपैकी एक गुण आणि आंबट, कडू, गोड, तिखट, खारट यांपैकी चवी. आपले रस सहा, त्यांचे पाच. तुरट त्यांनी आंबटात ढकलला. काढ्यात मात्र पुरी राजसभा असते. झांग झोंगजिंग या वैद्याने इसवी २०० च्या सुमारास सांगितलेला ताप-सर्दीचा काढा घ्या. दालचिनीच्या कोवळ्या फांद्या हा राजा, पांढऱ्या पिओनीचे मूळ मंत्री, आले आणि सुकी चिनी बोरे साहाय्यक, ज्येष्ठमध दूत. हा ज्येष्ठमध असंख्य काढ्यांत असतो, सगळ्यांशी जमवून घेतो. प्रत्येक खात्यात असा एकजण असतोच. काढा घेतल्यावर काय करायचे तेही ग्रंथात आहे: थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचे, हलका घाम येऊ द्यायचा. मांस, दारू, थंड आणि चिकट वर्ज्य. माझी आजी हेच करायची, आणि तिने झांगचे नाव कुठे ऐकलेले?

हे सगळे मला आवडते. पण चव आणि गुण यांनी वस्तू ओळखता येत नाही, याचा दाखला १९९३ साली ब्रसेल्सहून आला. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत फांगजी हे मूळ घालायचे होते, पडले गुआंग-फांगजी. गुआंग म्हणजे तेच ग्वांगदोंग, कँटनचा प्रांत. दोन्ही मुळे कडू, दोन्ही शीत. शास्त्राच्या हिशेबाने फारसे बिघडले नव्हते. पण दुसरे ईश्वरी, म्हणजे सापसंदच्या कुळातले, आणि त्यातले आम्ल मूत्रपिंडे जाळते. शंभराहून अधिक माणसांची मूत्रपिंडे गेली, बहुतेक बायका. पुढे काहींना कर्करोगही झाला. चीनने ते मूळ २००४ साली औषधांतून काढून टाकले.

आपल्या बाजारात चोपचिनी म्हणून घोटवेलीच्या कुळातली निरनिराळी मुळे मिळतात. चूर्ण झाल्यावर तर देवालाही ओळखता येणार नाही. बाबांची पुडी मी टाकलेली नाही, कपाटात आहे.

बाबा आता बरे आहेत, म्हणजे आहेत तसेच आहेत. दहा वाजता पेज घेतात, मिठाशिवाय. सोबत लोणचे नाही, सुके बांगडे नाहीत. त्याचा राग ते माझ्यावर काढतात.